बुंधा खाली

माणेजाच्या पुढे, फाटकापासून आत,
कुणाचा तरी पत्ता चुकल्यासारखं
हे घर उभं आहे.
काळ्या लाकडाची चौकट, मध्ये चुन्याच्या भिंती,
आणि छप्पर इतकं उतरतं
की वरून बर्फ घसरावा.
बडोद्यात.
शंभरेक उन्हाळे झाले, घसरतात ती कडुनिंबाची पानं,
एकदा खारीचं पिल्लू.
भिंतीतल्या शेकोटीत नंतर कुणी
लोणच्याच्या बरण्या मांडल्या,
त्यांची गोल तेलकट वर्तुळं अजून आहेत.

मला बारा दिवस मिळालेत मापं घ्यायला.
तेराव्याला बिल्डरची माणसं.
शितोळे सर म्हणाले, हळवं व्हायचं नाही, ऋजुता,
खांब म्हणजे खांब, मिलिमीटरमध्ये लिही.
लिहिते.
खांब चार: दोनशे दहा बाय दोनशे दहा.
कुसू, साल, बाभळीची खुंटी.
लोखंड: नाही.

मालकांच्या ट्रंकेत मूळ नकाशा निघाला, मेणकापडावर.
साहेबाने आठवणीतून काढलेलं
आपल्या गावाकडचं शेतघर.
तिकडे ओक वाकडा वाढतो,
म्हणून तिकडचे तिरके टेकूही वाकडे, धनुष्यासारखे.
इकडे आला डांगातला साग, ओळंब्यासारखा सरळ.
हिशेबाच्या वहीत एक ओळ आहे:
‘लांकूड वांकडें करण्याबद्दल, रुपये अकरा, आणे चार.’
मी हसले. डाह्याभाई हसले नाहीत.
सुताराने पैसे सोडले नाहीत, एवढंच म्हणाले.

नकाशात खांब वर जाड, खाली बारीक.
म्हणजे झाड उलटं उभं करायचं:
बुंधा आढ्याकडे, शेंडा जोत्यात.
तिकडची रीतच ती.
जाड टोकात तुळई आणि पाखाडीचा वासा
दोन्ही एकदम बसतात, सोय होते.
मी तसंच काढलं.
तसंच तर दिसत होतं.

डाह्याभाईंनी चष्म्याची दोरी कानामागे सारली,
खांबावरून तळवा फिरवला,
गाठीपाशी थांबले.
‘ऊंधुं नथी, बेन. सीधुं छे.’

शिडी लावली. वरचं डांबर खरवडलं.
जाडी वेगळ्या तुकड्याची निघाली,
अशी जोडलेली
की सांध्यात ब्लेडचं पातं शिरेना.
खालून कापून घेतलेला वीतभर नमुना
त्यांनी बादलीत सोडला.
तो गोल फिरला, थोडा विचार करावा तसा,
आणि एक टोक खाली गेलं.
जोत्याकडचं.
मूळ जड असतं, पाण्याला ठाऊक असतं.

आठ खांब होते. आठही तसेच.
साहेब रोज सकाळी घोड्यावरून यायचा म्हणे,
गुण्या लावून बघायचा.
त्याला कळलं नसेल.
किंवा कळलं असेल, आणि त्याने
त्या दिवशी फक्त चहा मागवला असेल.
सुताराचं नाव वहीत नाही.
‘मिस्त्री व इसम सहा’ एवढंच आहे.
पण पाचव्या खांबाचा वरचा तुकडा सोडवला,
तर आत, जिथे कुणी बघणारच नव्हतं,
पटाशीने कोरलेला गुजराती पाच,
आणि शेजारी एक बाण, वर रोखलेला.
झाड इकडे वाढत होतं.

माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.
लांबी, रुंदी, उंची, स्थिती, शेरा.
शेऱ्यात लिहिलं: बुंधा खाली.
मग शीटवर, उत्तरेच्या बाणाजवळ,
हा दुसरा बाणही काढला.
सर विचारतील, दोन दोन दिशा कशाला?
अजून उत्तर सुचलेलं नाही.

तेराव्या दिवशी ट्रक आला.
खांब आडवे झाले, दोरखंड आवळले गेले.
हमालांनी घाई चालवली होती,
आणि डाह्याभाई फाळक्याला धरून उभे,
पहिल्या खांबावर हात ठेवून
ड्रायव्हरला विचारत होते,
गाडी कुठल्या बाजूला तोंड करून जाणार,
म्हणजे यांचं डोकं कुठे ठेवू.